वॉकर आडनावाचं मूळ: चालणारे की कापड तुडवणारे?

सांगलीच्या एका ताईंनी विचारलंय: लेकीचं सासर इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सचं, आडनाव वॉकर. व्याही सांगतात, त्यांचे पूर्वज राजाच्या अरण्यात पायी गस्त घालायचे, म्हणून हे नाव पडलं. एका ऑनलाइन दुकानात वॉकर घराण्याची चिन्हांकित ढाल विकायला आहे, ती घ्यावी का? आणि नातवासाठी वंशवेल करायची तर सुरुवात कुठून करायची?

ताई, इंग्लंडमधल्या कुटुंबांचे जुने कागद शोधून देण्याच्या कामात माझी बावीस वर्षं गेली. त्यातला मोठा भाग यॉर्कशायरच्याच, म्हणजे हॅलिफॅक्स ज्या परगण्यात येतं तिथल्याच, दप्तरांत गेला, त्यामुळे वॉकर हे नाव मी हजारो वेळा वाचलंय. सगळ्यात आधी ते अरण्य बाजूला ठेवू. राजाच्या अरण्यांचे ‘वॉक’ नावाचे विभाग असत, हे खरं. पण हे आडनाव तिथून आलेलं नाही. वॉकर म्हणजे लोकरीचं ओलं कापड पायांनी तुडवणारा कारागीर.

जुन्या इंग्रजीत ‘वेअल्कान’ असं एक क्रियापद होतं. अर्थ लोळवणं, घुसळणं, उलटसुलट करणं. त्यावरून ‘वेअल्केरे’ म्हणजे कापड तुडवून घट्ट करणारा. ‘वॉक’ म्हणजे पायी चालणं हा आजचा अर्थ त्याच क्रियापदाला तेराव्या शतकाच्या सुमारास चिकटला. म्हणजे धंद्याचं नाव आधीचं आणि चालणं नंतरचं. आजच्या इंग्रजीवरून अर्थ लावायला गेलं की इथेच फसायला होतं, आणि तुमचे व्याही काही एकटे नाहीत. खुद्द वॉकर आडनावाच्या बहुतेकांनी मला आधी चालण्याचीच गोष्ट सांगितली आहे.

हे तुडवणं कशासाठी, ते समजल्याशिवाय या नावाचा मान कळत नाही. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत असतं. ताण्याबाण्यातून उजेड दिसतो. लोकरीत मेंढीच्या अंगचं तेल आणि विणताना लावलेली चिकटाई असते, त्यामुळे रंग नीट धरत नाही. हे कापड कोमट पाण्यात भिजवून तुडवलं की दोन गोष्टी होतात. तेलकटपणा निघतो, आणि लोकरीच्या तंतूंवर माशाच्या खवल्यांसारखे जे बारीक खवले असतात ते एकमेकांत अडकून कापड आटतं, जाड होतं, वारा-पाऊस अडवायला लागतं. कापड चांगलं हातभर कमी भरायचं, पण भाव त्यालाच यायचा. विणकराने कितीही जीव ओतला तरी वॉकरच्या हाताखालून, खरं तर पायाखालून गेल्याशिवाय ते अंगावर घालायच्या लायकीचं होत नसे.

तेल काढायला दोन वस्तू वापरत. एक होती शिळं मूत्र. लँकेशायर-यॉर्कशायरात ते घरोघरी पिंपात साठवून ठेवत आणि कारागीर विकत नेत. साठवलं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो तेलाचा साबण करून टाकतो. दुसरी वस्तू तुमच्या घरात आत्ता असेल: मुलतानी माती. तेल शोषून घेणाऱ्या या जातीच्या मातीला इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात, म्हणजे फुलरची माती, आणि फुलर म्हणजेच वॉकर. चेहऱ्याला लावायच्या पुडीवर इंग्रजीत हे नाव छापलेलं असतं, पाहा. इंग्लंडमध्ये ही माती सरे परगण्यात, बेडफर्डशरमधल्या वोबर्नजवळ आणि बाथच्या आसपास निघायची. कापडधंद्याला ती इतकी मोलाची होती की सतराव्या शतकात कायदा करून तिची निर्यात बंद केली होती.

एकाच कामाला इंग्लंडमध्ये तीन शब्द होते, आणि त्या तिन्हींची तीन आडनावं झाली. माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे. आग्नेय इंग्लंड आणि ईस्ट अँग्लियात म्हणायचे फुलर, लॅटिन ‘फुलो’वरून आलेला शब्द. नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉलमध्ये म्हणायचे टकर. त्याचं जुनं क्रियापद ‘तूकियान’, म्हणजे छळणं, हाल करणं. कापडाचे हालच करायचे ना! आणि उत्तरेत, मिडलंड्सच्या पश्चिम भागात व स्कॉटलंडात म्हणायचे वॉकर. १८८१च्या जनगणनेतली ही तीन आडनावं नकाशावर मांडली तर पाचशे वर्षांपूर्वी कुठे कुठली बोली होती, ते अजून दिसतं. डेव्हनच्या एक्सेटर शहरात ‘टकर्स हॉल’ ही १४७१ची वास्तू उभी आहे, विणकर, टकर आणि कापड कातरणाऱ्यांच्या संघाची. यॉर्कशायरच्या बेव्हर्लीत वॉकरगेट नावाचा रस्ता आहे. तिकडच्या जुन्या रस्त्यांच्या नावांत ‘गेट’ म्हणजे दरवाजा नसतो, नॉर्स लोकांकडून आलेला तो रस्त्याचा शब्द आहे. वेल्सची भाषा वेगळी, तिथे अशा गिरणीला ‘पँडी’ म्हणतात, आणि टोनिपँडी या गावाच्या नावात ती अजून बसलेली आहे.

गिरणी म्हटलं, कारण पायाने तुडवण्याचं हे काम पाण्याने फार लवकर हाती घेतलं. ११८५ साली टेंपलर या ख्रिस्ती लढवय्या साधूंच्या पंथाने आपल्या मालमत्तेची मोजदाद केली, तिच्यात यॉर्कशायर आणि ग्लॉस्टरशर इथल्या अशा गिरण्यांची नोंद आहे. इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी या. कापूस आणि वाफेच्या सहाशे वर्षं आधी कापडाचं एक अख्खं काम यंत्रावर गेलं होतं. पाणचक्कीच्या दांड्यावरच्या खुंट्या मोठाले लाकडी हातोडे उचलायच्या आणि सोडून द्यायच्या. लँकेशायरमधल्या हेल्मशोरला १७८९ची अशी गिरणी आहे. तिथले हातोडे मी जवळून पाहिलेत. माणसाच्या छातीएवढं लाकडाचं धूड, आणि त्याच्या तोंडाला पायऱ्यांसारखे खाचे. ते खाचे फार विचार करून केलेले आहेत. हातोडा पडला की कापडाचा ढीग नुसता दबत नाही, जरासा वळतो, म्हणजे पुढचा घाव दुसऱ्या जागी बसतो. पायाने तुडवणारा माणूस टाचेने कापड जसं फिरवत असेल, तसंच. चक्की आली, पाय गेले, तरी उत्तरेत लोक त्या गिरणीला ‘वॉक मिल’च म्हणत राहिले.

स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवर मात्र हे काम विसाव्या शतकापर्यंत हातांनी चाललं. बायका लांब फळीभोवती बसून ओलं कापड आपटायच्या, एकमेकींकडे सरकवायच्या, आणि त्या ठेक्यावर गाणी म्हणायच्या. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी साथ धरायची. त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकताना मला जात्यावरच्या ओव्या आठवल्याशिवाय राहत नाहीत.

तुडवून झाल्यावर कापड धुऊन उघड्यावर ताणून वाळवायचे, नाहीतर ते वेडंवाकडं आटतं. त्यासाठीच्या लांबलचक लाकडी चौकटीला ‘टेंटर’ म्हणत. वर-खाली आकडे, त्यात कापडाचे काठ अडकवायचे. इंग्रजीत जीव टांगणीला लागला म्हणायचं असेल तर आपण टेंटरच्या आकड्यांवर आहोत असं म्हणतात, ते इथूनच आलं. मग काटेरी बोंडांनी लव उभी करायची आणि भल्यामोठ्या कात्रीने ती सारखी कातरायची. हे कातरणारे शिअरमन, त्यांचे वंशज आज शर्मन. रंगवणारे डायर, उत्तरेत लिस्टर. विणणारे वेब, वेबस्टर, वीव्हर. एका कोटाच्या कापडातून निघालेली ही आडनावं आहेत.

आता हॅलिफॅक्स. तुमच्या लेकीचं सासर या धंद्याच्या काळजात आहे. डोंगराळ मुलूख, शेती कमी, पाणी मऊ आणि भरपूर, मेंढरं जवळ. १७२०च्या दशकात तिथून प्रवास करणाऱ्या डॅनियल डीफो या लेखकाने लिहून ठेवलंय की उतारावरच्या जवळपास प्रत्येक घराशी टेंटर होता आणि त्यावर कापड ताणलेलं होतं. रात्रंदिवस उघड्यावर असलेली ही संपत्ती चोरणं सोपं, म्हणून हॅलिफॅक्सचा कायदा भयंकर कडक होता. साडेतेरा पेन्स किंवा त्याहून जास्त किमतीची चोरी सिद्ध झाली की शिरच्छेद, तोही यंत्राने, फ्रान्समधल्या गिलोटिनच्या किती तरी आधी. शेवटचे दोघे तिथे १६५०च्या एप्रिलमध्ये मारले गेले. त्यांच्यावरच्या आरोपांत सोळा यार्ड कापड होतं. शिरच्छेदाच्या त्या यंत्राची प्रतिकृती आज शहरात उभी आहे, लेक दाखवेल. आणि १७७९ साली उघडलेला पीस हॉलही पाहा. मधे मोकळं अंगण, भोवती तीनशे पंधरा खोल्या. हातमागावरचं कापड घेऊन विणकर-व्यापारी इथे बसायचे.

पण धंद्याचं नाव आडनाव कधी झालं? हा प्रश्न वेगळा, आणि वंशवेलीसाठी महत्त्वाचा. १०६६नंतर नॉर्मन जमीनदारांनी वंशपरंपरेने नाव चालवायची रीत आणली. सामान्य माणसांपर्यंत ती सावकाश झिरपली. दक्षिणेत चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, उत्तरेत आणखी शंभरेक वर्षांनी. तेराव्या शतकातल्या कागदात ‘जॉन ल वॉकर’ दिसला तर तो खरोखर कापड तुडवणारा जॉन समजायचा. त्याचा मुलगा सुतार झाला तर तो ‘राइट’ म्हणून नोंदला जाऊ शकत होता. मधला ‘ल’ गळू लागतो आणि धंदा बदलला तरी नाव तेच राहतं, तेव्हा आडनाव पक्कं झालं असं आम्ही मानतो. १३७७, १३७९ आणि १३८१ साली बसवलेल्या डोईपट्टीच्या याद्यांत हा बदल घडताना दिसतो. १३७९ची पश्चिम यॉर्कशायरची यादी आमच्यासाठी सोन्यासारखी आहे, कारण तिच्यात कित्येकांच्या नावापुढे धंदाही लिहिलाय. नाव आणि धंदा जुळतोय का, ते एका ओळीत तपासता येतं. धंदा सुटला तरी नाव राहिलं: आज कुलकर्णी गावचं दप्तर लिहीत नाहीत, तशीच गत.

इथे मराठी वाचकाची एक गल्लत होते, ती स्पष्टच सांगतो. आपल्याकडे धंद्याचं आडनाव म्हटलं की मागोमाग जात येते, सोयरिकीचं वर्तुळ येतं. इंग्रजी धंद्याच्या आडनावांना तसं काही नाही. प्रत्येक गिरणीपाशी एक वॉकर होता, त्या प्रत्येकापासून स्वतंत्र घराणं सुरू झालं. सगळे वॉकर एका पूर्वजाचे नाहीत आणि एका समाजाचेही नाहीत. इंग्लंडच्या पहिल्या वीस आडनावांत हे नाव बसतं, ते त्यामुळेच. याच्या उलट त्याच मुलखातलं साइक्स हे नाव घ्या, अर्थ ओढ्याकाठचा. २००० साली या आडनावाच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र, म्हणजे बापाकडून मुलाकडेच जाणारं, तपासलं, तेव्हा जवळपास निम्म्यांची खूण एकच निघाली. बहुधा सगळ्यांचा मूळपुरुष एकच. वॉकरांत असं काही निघण्याची आशा धरू नका. जनुकचाचणी करायचीच असेल तर दोन ठरावीक कुटुंबांचं नातं आहे का, एवढ्याच प्रश्नासाठी करा.

शिवाय सगळे वॉकर एकाच वाटेने आलेले नाहीत. न्यूकॅसलजवळ टाइन नदीकाठी वॉकर नावाची वस्ती आहे. रोमन भिंतीजवळची दलदल, असा त्या नावाचा अर्थ. काही घराणी तिथली असू शकतात. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ‘मॅक अन उखकर’ असं काहीसं उच्चारलं जाणारं गेलिक नाव होतं, तुडवणाऱ्याचा मुलगा. इंग्रजीत लिहिताना त्यातल्या काहींचं सरळ वॉकर झालं. अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या अनेक कुटुंबांचंही हे नाव आहे, त्यांचा यॉर्कशायरशी रक्ताचा संबंध असेलच असं नाही. आपल्याकडच्या इतिहासात १८०७चा ‘वॉकर करार’ वाचलेला असेल. गायकवाडांची मुलूखगिरीची फौज काठेवाडातून जी खंडणी आणायची, तिचे आकडे बडोद्याचा रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर याने ठरवून दिले. तो स्कॉटिश. नाव जुळलं म्हणून त्याला जावयाच्या वंशवेलीवर चढवू नका. असं चढवलेलं मी पाहिलंय आणि उतरवताना घरातली माणसं दुखावलेलीही पाहिलीत.

ढालीचं उत्तर: घेऊ नका. इंग्लंडमध्ये चिन्हांकित ढाल आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळते, आणि त्याच्या वारसांना. देण्याचा अधिकार १४८४ साली स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ आर्म्सचा. दुकानात मिळते ती कोणा एका वॉकरला कधीतरी मिळालेली ढाल असते. दुसऱ्याच्या घरची ती वस्तू आपल्या भिंतीवर लावण्यात मला तरी गोडी वाटत नाही. त्या पैशांत चांगले चार-पाच दाखले येतील.

आता वंशवेल. नियम एकच पाळा: जिवंत माणसापासून मागे जायचं, जुन्या कुठल्या तरी वॉकरपासून पुढे यायचं नाही. १ जुलै १८३७पासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद आहे. जावयाच्या आजोबांच्या लग्नाचा दाखला मागवा. त्यात वर आणि वधू दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. आयांची नावं मात्र २०२१पर्यंत लग्नाच्या नोंदीत नसायची, म्हणून जन्माचा दाखलाही लागेल, त्यात आईचं माहेरचं आडनाव मिळतं. मग जनगणना, दर दहा वर्षांनी. १८४१च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं सर्रास पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिलीत, तिच्यावरून जन्मसाल काढू नका. १८५१पासून जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, आणि घरातलं नातं दिसतं, तिथून पाय घट्ट रोवता येतात.

१८३७च्या मागे चर्चची दप्तरं. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायची आज्ञा दिली, आणि हॅलिफॅक्सचं दप्तर त्याच वर्षी सुरू होतं. हे भाग्य फार थोड्या गावांना लाभलंय. पण हॅलिफॅक्सचा पॅरिश अवाढव्य होता. एलंड, हेप्टनस्टॉल अशी त्याची उपचर्च वेगळी, त्यांची पुस्तकंही वेगळी. गाव नक्की न करता शोधाल तर एकाच वर्षी चार जॉन वॉकर सापडतील.

यात मी स्वतः चुकलोय, म्हणून तपशिलात सांगतो. सुरुवातीच्या काळात एका कुटुंबासाठी जॉन वॉकर शोधत होतो. वय जुळलं, गाव जुळलं, बापाचं नाव जुळलं. वेल दोन पिढ्या मागे नेऊन त्यांच्या हाती दिली. वर्षभराने दुसऱ्याच कामासाठी दफनाचं पुस्तक चाळताना तोच जॉन दिसला, दोन वर्षांचा असताना पुरलेला. खरा जॉन तीन वर्षांनी लहान, शेजारच्या वाडीतल्या चांभाराचा मुलगा. त्या कुटुंबाकडे जाऊन मला ते सांगावं लागलं, आणि आधीच्या दोन पिढ्या त्यांच्या डोळ्यांदेखत खोडाव्या लागल्या. तेव्हापासून बाप्तिस्मा सापडला की पुढची दहा वर्षं दफनाची पानं पाहिल्याशिवाय मी नाव शाईने लिहीत नाही. तुम्हीही लिहू नका.

वाचताना दोन खाचखळगे. सतराव्या शतकाच्या अक्षरात मधला ‘के’ आणि ‘एल’ इतके सारखे दिसतात की वॉकरचा वॉलर होतो. वॉलर हे वेगळं आडनाव आहे, आणि ऑनलाइन सूचीत ही चूक सर्रास असते. सापडलं नाही तर वॉलर टाकून पाहा आणि मूळ पानाचं चित्र उघडा. दुसरं, १७५२च्या आधी इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. दप्तरात फेब्रुवारी १७१० लिहिलंय तर आपल्या हिशोबाने ते १७११. हे विसरलं की मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं आणि नको त्या शंका येतात.

त्याही मागे जायचं तर वेकफिल्ड मॅनरच्या, म्हणजे तिथल्या जहागिरीच्या, न्यायसभेचे गुंडाळे आहेत, १२७४पासूनचे, लीड्स विद्यापीठाच्या संग्रहात. हॅलिफॅक्सच्या आसपासची किती तरी गावं त्यांत येतात. जमिनीचे हस्तांतर, भांडणं, दंड, पाण्याचे तंटे. भाषा लॅटिन, पण बरेच गुंडाळे इंग्रजीत छापून झालेत.

तर लेकीला आधी तो लग्नाचा दाखला मागवायला सांगा, आणि हाती आला की वराच्या वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते मला कळवा. तिथे ‘फुलिंग मिलर’ किंवा ‘क्लॉथ ड्रेसर’ असेल तर पुढचा शोध गिरण्यांच्या भाडेपट्ट्यांत करू. शेतकरी किंवा खाणकामगार असेल तर चर्चच्या दप्तरातून. विहीणबाईंनाही त्यांच्या आजीचं माहेरचं आडनाव आत्ताच विचारून ठेवा, कारण ती बाजू कागदांत सर्वांत आधी हरवते.